कोऱ्या बाटलीतलं मलम

प्रबंधाच्या प्रती विद्यापीठात जमा करून पोचपावती घेतली, त्याला आता सहा आठवडे झाले. विषय होता मुळा-मुठेच्या पाण्यातले औषधांचे अंश आणि ती औषधं मोडून जे काही बनतं ते. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पीएचडी नोकरी सांभाळूनच केली. सुरुवात केली तेव्हा असलं काम केलेल्या कुणाचं मराठीत लिहिलेलं चार ओळींचंही काही हाती लागलं नव्हतं. शोधनिबंध भरपूर होते, पण कुठली फाईल कुठे अडकते आणि बाटल्या उचलून खांदा किती दुखतो, हे शोधनिबंधात नसतं.

ऑगस्ट २०२२ मध्ये आरआरसीपुढे, म्हणजे संशोधनाच्या विषयाला मान्यता देणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, उभी राहिले. एका सदस्यांनी विचारलं, "ते गिधाडांचं डायक्लोफेनॅक, तेच का?" तेच. गुरांना दिलेलं हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. म्हणून २००६ मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. माणसांसाठी मात्र ते आजही मिळतं, गोळीतही आणि मलमातही. दुसऱ्या सदस्यांनी प्रेमाने सल्ला दिला, "मॅडम, जड धातू घ्या. मशिन तुमच्याच कॉलेजात आहे, वर्षात मोकळ्या व्हाल." वर्षाचा हिशोब त्यांचा बरोबर होता. मला तीन लागली.

धातू आणि औषधं यांच्यातला फरक मी नंतर सगळ्यांना खडकवासल्याच्या भाषेत सांगायला लागले. नदीतली औषधं लिटरला नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात, मोजतात. धरण काठोकाठ भरलं की १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी होतं, हे पुणेकरांना पावसाळ्यात रोज पेपरात वाचून पाठ असतं. त्या सगळ्या पाण्यात लिटरला एक नॅनोग्रॅम व्हायला ५६ ग्रॅम औषध पुरतं. पाचशे मिलिग्रॅमच्या सव्वाशे गोळ्यासुद्धा नाहीत. एवढंसं शोधायचं तर हाताला, बाटलीला, हवेला जे काही लागलेलं असेल तेही सापडतं. हे मी व्याख्यानात सांगत होते, पण मला ते खऱ्या अर्थाने कळायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं.

आधी यादी. कारखान्यांचं सांडपाणी हा माझा प्रश्न नव्हता. त्याचं टोकाचं उदाहरण हैदराबादजवळच्या पाटणचेरूचं आहे. तिथे औषध कारखान्यांचं पाणी घेणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. मला घराघरांतून येणारी औषधं हवी होती: मधुमेहाचं मेटफॉर्मिन, फिट्सचं कार्बामॅझेपिन, डायक्लोफेनॅक, रक्तदाबाचं अ‍ॅटेनोलॉल, सल्फामेथॉक्साझोल आणि सिप्रोफ्लॉक्सासिन ही प्रतिजैविकं, अशी अकरा. शिवाय कॅफिन, कारण कॅफिन म्हणजे माणसाच्या वस्तीची खूण. २०२२ साली १०४ देशांतल्या २५८ नद्यांचा एक मोठा अभ्यास आला. त्यातही सर्वाधिक ठिकाणी सापडलेली तीन नावं कार्बामॅझेपिन, मेटफॉर्मिन आणि कॅफिन हीच होती.

आणि त्यांची पिल्लं. मोडतोडीतून बनणाऱ्या संयुगांना आम्ही लॅबमध्ये पिल्लं म्हणायचो. नुसतं मूळ औषध मोजलं तर नदीची अर्धीच गोष्ट कळते. सल्फामेथॉक्साझोलचंच बघा. आपलं यकृत त्याला अ‍ॅसिटाइलची टोपी घालून बाहेर पाठवतं. मैलापाण्यातले जिवाणू ती टोपी काढून टाकतात आणि मूळ औषध परत जिवंत होतं. त्यामुळे कधी कधी शुद्धीकरण केंद्रात शिरणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्या पाण्यात ते जास्त दिसतं, आणि माणूस स्वतःच्या गणितावर संशय घेत बसतो. सांडपाण्यातल्या औषधांच्या सुरुवातीच्या नोंदींत, १९७० च्या दशकात, अमेरिकेत सापडलं ते क्लोफायब्रिक अ‍ॅसिडसुद्धा कोलेस्टेरॉलच्या एका औषधाचं पिल्लूच होतं. मी पाच पिल्लं निवडली.

ट्रॅमाडॉलही यादीत होतं, ते काढलं. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. काही मिलिग्रॅम शुद्ध नमुन्यासाठी परवाना, नोंदवही, कुलपाचं कपाट एवढं सगळं उभं करणं एकट्या प्राध्यापिकेच्या आवाक्याबाहेरचं होतं. तुमच्या यादीत झोपेची किंवा तीव्र वेदनाशामक औषधं असतील तर पहिल्याच आठवड्यात हे तपासा. मी तीन महिन्यांनी तपासलं.

खरेदी सप्टेंबर २०२२ ते मार्च २०२३ चालली. अनुदान ३ लाखांचं होतं. मोजमापासाठी प्रत्येक औषधाचा शुद्ध नमुना लागतो. तो महाग असतो, पण त्याहून महाग असतो त्याचा 'खूण केलेला' भाऊ. तो रेणू तोच असतो, फक्त काही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन. पाण्यात तो सुरुवातीलाच ठरावीक मापाने टाकायचा. वाटेत जेवढं औषध हरवेल तेवढ्याच प्रमाणात हाही हरवतो, म्हणून शेवटी हिशोब लागतो. असे चार घेतले, १ लाख ३२ हजारांना. खरेदी विभागातल्या काकांनी कोटेशन दोनदा वाचलं.

"मॅडम, हे कार्बामॅझेपिन मेडिकलमध्ये दोन-तीन रुपयांना गोळी मिळतं. माझा भाचा घेतो. तिथूनच आणा की."

त्यांना कोटेशनमधलं 'डी टेन', म्हणजे दहा ड्युटेरियम, हे काय ते समजावण्यात एक चहा गेला. पुढे तेच काका माझे सगळ्यात मोठे आधार झाले. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर वस्तू मिळत नसल्याचा अहवाल आधी काढायचा आणि मगच तीन कोटेशनं जोडायची, नाहीतर फाईल लेखापरीक्षणात परत येते, हे त्यांनीच शिकवलं. आणखी एक शिकवण माझ्या खिशातून आली: थंड ठेवून पाठवायचा माल शुक्रवारी येईल अशी ऑर्डर देऊ नका. माझं एक पार्सल लांब सुट्टीत गोदामात पडून राहिलं. ते वाया गेलं असं पुरवठादार मानायला तयार नव्हता. सहा आठवडे मेल लिहून बदली मिळाली.

दरम्यान परवानगी. नदीतली सहा ठिकाणं ठरवली होती: खडकवासल्याच्या खाली, विठ्ठलवाडी, ओंकारेश्वर, संगम, बंडगार्डन आणि थेऊर. शिवाय एका नाल्याचं तोंड आणि एका मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातून नदीत सुटणारा पाट. या शेवटच्या जागेसाठी संबंधित कार्यालयात अर्ज दिला आणि ११ आठवडे वाट पाहिली. चार वेळा साहेब साइटवर होते. पाचव्यांदा कळलं की 'केंद्रातील पाण्याचे नमुने' या शब्दांमुळे अर्ज दुसऱ्या टेबलावर गेलाय. 'केंद्राच्या खालच्या बाजूस नदीपात्रातील पाणी' असा नवा अर्ज प्राचार्यांच्या लेटरहेडवर दिला, तारखा न घालता वर्षभराची मुदत मागितली, आणि नऊ दिवसांत पत्र हातात आलं. त्याची प्रत लॅमिनेट करून कायम पिशवीत ठेवली. दोनदा उपयोगी पडली.

पहिली फेरी एप्रिल २०२३ मध्ये. भुऱ्या काचेच्या लिटरच्या दहा बाटल्या, दोन आइसबॉक्स, तुळशीबागेतून २६० रुपयांना घेतलेली स्टीलची बादली आणि दोरी. प्लास्टिकची बादली नको, काही औषधं तिला चिकटतात. एका रिक्षावाल्या काकांशी दिवसाचे १,४०० रुपये ठरवले. आइसबॉक्स बघून ते म्हणाले, "ताई, मासळी असेल तर सीटवर नको." ओंकारेश्वरापाशी मी बादली सोडत असताना एका आजोबांनी हळू आवाजात विचारलं, कुणाच्या अस्थी. मला पटकन उत्तर सुचेना. "पाणी तपासतेय," म्हटल्यावर ते म्हणाले, "तपासायचं काय त्यात, दिसतंय की." एप्रिलमधल्या मुठेबद्दल यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता.

पाणी आणलं की थांबता येत नाही. बाटलीतले जिवाणू बर्फातही हळूहळू कामाला असतात. मी ४८ तासांची मर्यादा पाळली. आधी काचतंतूच्या फिल्टरमधून गाळायचं. जलपर्णीच्या दिवसांत एका लिटरला चार-चार फिल्टर तुंबतात. मग अर्धा लिटर पाणी बोटाएवढ्या कार्ट्रिजमधून मिनिटाला पाच मिलिलिटरच्या वेगाने सोडायचं. पाणी निघून जातं, औषधं आतल्या भुकटीला धरून राहतात. ती मिथेनॉलने सोडवायची, नायट्रोजनच्या झोताखाली मिथेनॉल उडवायचं आणि शेवटी एक मिलिलिटर करायचं. एका बाटलीला पावणेदोन तास नुसते थेंब मोजण्यात जातात. त्या वेळात मी पेपर तपासायचे. कार्ट्रिज मध्ये कोरडी पडू द्यायची नाही, एवढ्याचसाठी कुणीतरी शेजारी बसावं लागतं.

त्यानंतर एलसी-एमएस. हे उपकरण दुसऱ्या संस्थेच्या केंद्रात होतं. एका इंजेक्शनला, म्हणजे एक नमुना एकदा उपकरणात सोडायला, ९०० रुपये, आणि कोऱ्या पाण्याच्या इंजेक्शनलाही तेवढेच. उपकरण आधी संयुगं वेगळी करतं, मग प्रत्येकाचं वजन बघतं, मग त्याला फोडून तुकड्याचं वजन बघतं. कार्बामॅझेपिन २३७ वर दिसतं आणि त्याचा तुकडा १९४ वर. दोन्ही जुळले आणि ठरल्या मिनिटाला आले, तरच 'सापडलं' म्हणायचं. पडद्यावर जो उंचवटा येतो त्याला सगळे पीकच म्हणतात. त्यामुळे "यंदा पीक कसं आहे?" हा तिथला सगळ्यात जुना विनोद आहे, आणि तिथल्या ऑपरेटर मॅडम तो प्रत्येक नव्या माणसाला ऐकवतात.

माझं पीक पहिल्याच फेरीत उत्तम आलं. पण ते कोऱ्या बाटलीतही आलं.

कोरी बाटली म्हणजे फील्ड ब्लँक. लॅबमधलं शुद्ध पाणी बरोबर घेऊन जायचं, नदीकाठी उघडायचं, दुसऱ्या बाटलीत ओतायचं, परत आणायचं आणि नदीच्या पाण्यासारखंच सगळं करायचं. त्यात काहीही दिसता कामा नये. माझ्या कोऱ्या बाटलीत कॅफिन होतं आणि डायक्लोफेनॅकही होतं, तेही विठ्ठलवाडीच्या नमुन्याच्या निम्म्याने.

कॅफिनचा चोर लगेच सापडला. आम्ही चहा प्यायला थांबलो होतो. मी हात धुतले होते, पण धुणं पुरत नाही. त्या दिवसापासून सॅम्पलिंगच्या आदल्या रात्रीपासून चहा बंद आणि बाटली उघडताना नवे हातमोजे. रिक्षावाल्या काकांनीही माझ्यासाठी दुपारपर्यंत चहा सोडला. हा त्याग मी प्रबंधाच्या ऋणनिर्देशात नोंदवला आहे.

डायक्लोफेनॅकने सात आठवडे खाल्ले. बाटल्यांवर संशय घेतला, त्या भट्टीत भाजल्या. मग कार्ट्रिजचा बॉक्स बदलला. उपकरणाच्या नळ्यांत आधीच्या कुणाचं काही राहिलं असेल म्हणून पाच कोरी इंजेक्शनं दिली. तिथे सगळं स्वच्छ, साडेचार हजार गेले. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "पाण्यात नाही, बाटलीत नाही, मशिनमध्ये नाही. मग उरलं कोण?" मी हसले. उत्तर मिळालं जूनमध्ये, तेही अपघाताने. ताई पंधरा दिवस माहेरी राहायला आली होती. त्या पंधरवड्यातल्या दोन्ही कोऱ्या बाटल्या पूर्ण कोऱ्या निघाल्या. घरात तेवढ्या दिवसांत एकच गोष्ट बदलली होती: रोज रात्री आईच्या गुडघ्यांना मलम मी नाही, ताई चोळत होती.

ट्यूब उलटी करून वाचली. डायक्लोफेनॅक. पूर्ण सात आठवडे ती माझ्या हातात होती. रात्री साबणाने हात धुतले तरी सकाळी माझ्या बोटांवर नॅनोग्रॅमच्या जगाला भारी पडेल एवढं उरत होतं, आणि फिल्टर लावताना मी हातमोजे वाचवत होते. सरांना सांगितलं तेव्हा ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, हे प्रबंधात जायला हवं. एप्रिल आणि मे महिन्याचे डायक्लोफेनॅकचे सगळे आकडे रद्द केले. तेव्हा रडू आलं होतं, लपवत नाही.

पण त्याच रात्री मी वाचत बसले. चोळलेल्या मलमातलं जेमतेम ६ टक्के औषध त्वचेतून शरीरात जातं. बाकीचं कातडीवर, साडीच्या काठावर, पांघरुणावर. सकाळी आईच्या आंघोळीबरोबर ते मोरीतून खाली जातं. ते यकृतातून गेलेलंच नसतं, म्हणून त्याचं शरीरात बनणारं पिल्लूही सोबत नसतं. नदीत डायक्लोफेनॅक भरपूर आणि हायड्रॉक्सी-डायक्लोफेनॅक फारच कमी असेल, तर ते मोऱ्यांमधून आलं असण्याची शक्यता वाढते. पुरावा नव्हे, शक्यता, कारण ऊन आणि जिवाणूही दोघांना आपापल्या वेगाने खातात. माझ्या प्रबंधातलं चौथं प्रकरण या एका विचारावर उभं आहे.

पुढचा खड्डा मेटफॉर्मिनचा. मधुमेहाचं एवढं औषध खाणाऱ्या शहराच्या नदीत ते जवळपास दिसेचना. ऑक्टोबर २०२३ पर्यंत मी पद्धतीत चुका शोधत होते, आणि चूक पद्धतच होती. मेटफॉर्मिनला पाण्याची इतकी ओढ असते की माझ्या कार्ट्रिजला ते धरतच नाही, पाण्याबरोबर सरळ निघून जातं. त्याचं पिल्लू ग्वानिलयुरिया त्याहून वाईट. शेवटी या दोघांसाठी कार्ट्रिज सोडली. गाळलेलं पाणी अ‍ॅसिटोनाइट्रिलमध्ये दहा पट पातळ करून थेट दुसऱ्या प्रकारच्या कॉलमवर (उपकरणातली संयुगं वेगळी करणारी नळी) घातलं. पातळ केल्याने संवेदनशीलता जाते, पण मुठेत मेटफॉर्मिन एवढं होतं की चाललं. यातून एकच सांगते: शुद्ध पाण्यात ठरावीक औषध घालून ते किती परत मिळतं, ही तपासणी प्रत्येक संयुगासाठी नदीवर जायच्या आधी करा. मी नदीवर आधी गेले.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी उपकरण बंद. निर्वात पंप बिघडला आणि देखभालीचा करार नेमका संपलेला. त्या काळात एकच शहाणपण केलं. पाणी साठवून न ठेवता कार्ट्रिजवर चढवलं, कार्ट्रिज कोरड्या केल्या आणि फॉइलमध्ये गुंडाळून उणे २० अंशांवर ठेवल्या. मार्चमध्ये त्या व्यवस्थित निघाल्या.

२०२४ च्या मे महिन्यात उन्हाळी फेरी झाली. पावसाळी फेरी जुलैअखेर होती, पण त्या आठवड्यात धरणातून सोडलेलं पाणी एकतानगरीत लोकांच्या घरात शिरलं. तेव्हा बादली घेऊन नदीवर जायचा विचारही लाजिरवाणा वाटला. फेरी सप्टेंबरात केली. भरल्या नदीत बहुतेक औषधं मोजता येण्याच्या मर्यादेखाली गेली. ती संपलेली नव्हती, पांगली होती, आणि पुढे उजनीकडे निघाली होती.

आकडे इथे देत नाही, प्रबंध तपासून यायचाय. एक आलेख मात्र सांगते. मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, जसंच्या तसं लघवीतून बाहेर पडतं. त्याचं ग्वानिलयुरिया करतात ते शुद्धीकरण केंद्रातले जिवाणू, हवा मिळाली की. नाल्याच्या तोंडाशी मेटफॉर्मिनचं पीक उंच होतं आणि ग्वानिलयुरिया जेमतेम. केंद्राच्या पाटात बरोबर उलटं. या दोघांच्या गुणोत्तरावरून एखाद्या ठिकाणच्या पाण्यात कच्चं मैलापाणी किती आणि प्रक्रिया झालेलं किती, याचा अंदाज बांधता येतो. संगमावर ते गुणोत्तर नाल्याच्या बाजूला झुकलेलं निघालं. ओंकारेश्वरापाशी भेटलेले आजोबा आठवले.

ज्याला कळतं की मी हे काम केलं, तो एकच प्रश्न विचारतो: धोका आहे का? माणसाला, एवढ्या मात्रेत, लगेच काही होईल असं मी म्हणणार नाही. जिवाणूंना प्रतिजैविकांची सवय लागणं आणि माशांवरचे परिणाम ही काळजी जास्त खरी. दुसरा प्रश्न परीक्षकांचा ठरलेला: मर्यादा ओलांडली का? आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, औषधांच्या अंशांसाठी मर्यादाच नाही. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या प्रतिजैविकांसाठी केंद्र सरकारच्या जानेवारी २०२० च्या मसुद्यात आकडे होते, २०२१ च्या अंतिम अधिसूचनेत ते उरले नाहीत. हे दोन्ही तोंडपाठ ठेवा, विचारतातच.

एकूण खर्च साडेचार लाखांच्या आसपास गेला. अनुदान वजा जाता दीड लाख घरचे. त्यातला निम्म्याहून जास्त इंजेक्शनांचा, आणि त्यातलीही बरीच कोऱ्या पाण्याची. मला त्या पैशांचं वाईट वाटत नाही. शेवटच्या फेरीतल्या कोऱ्या बाटलीचा आलेख, आडवी रेघ, सोळा संयुगं आणि कॅफिन यांच्यापैकी कशाचाही मागमूस नाही, मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलाय. पाहुणे विचारतात, हे काय छापलंय, काहीच तर नाही.

आता उरलंय एक काम. सगळ्या शुद्ध नमुन्यांची उरलेली द्रावणं एकत्र केली, दीड लिटर भरली. ती बेसिनमध्ये ओतायची नाहीत हे मला कुणी सांगायला नको. घातक कचरा नेणाऱ्यांना फोन केला. ते म्हणाले, कमीत कमी एक पिंप तरी भरू द्या मॅडम, दीड लिटरसाठी गाडी परवडत नाही. आईनेही परवा मुदत संपलेल्या गोळ्यांचा डबा समोर ठेवला आणि विचारलं, या कुठे टाकू. तो डबा आता माझ्या लॅबच्या कपाटात आहे, त्या बाटलीच्या शेजारी.